प्राचीन दक्षिणापथातील स्त्रीशासन : कोकणातील ताम्रपटांच्या निमित्ताने एक आढावा

प्राचीन काळी स्त्रियांच्या हाती राजसत्ता आली होती काय, आली असल्यास ती कोणत्या मार्गाने आली, किती काळ टिकली आणि तिचा अंमल वस्तुतः कोठवर चालला, ह्या प्रश्नांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन परस्परविरोधी पक्षांत वाटली गेलेली आढळते. एक पक्ष गार्गी-मैत्रेयींच्या नामोच्चारापासून आरंभ करून सर्व प्राचीन काळ हा स्त्रीसन्मानाचा सुवर्णकाळ होता असे प्रतिपादितो. दुसरा पक्ष स्मृतिग्रंथांतील निवडक वचने पुढे ठेवून त्या काळी स्त्रीला गृहाबाहेर काही स्थानच नव्हते असा निकाल देऊन मोकळा होतो. ह्या दोन्ही पक्षांचा समान दोष असा की ते ग्रंथवचनांवर विसंबतात, आणि ज्या दस्तऐवजांतून राज्यकारभार स्वतःच्या मुखाने बोलतो त्या शिलालेखांकडे व ताम्रपटांकडे पुरेसे वळत नाहीत. सत्ता ही स्तुतीने सिद्ध होत नाही आणि निंदेने नाहीशी होत नाही. हुकूम कोणाच्या नावाने सुटला, जमिनीचे दान कोणाच्या मुद्रेने झाले, अमलदाराने कोणाची आज्ञा शिरसावंद्य मानली आणि वर्षांची गणना कोणाच्या राज्यारोहणापासून धरली गेली, ही सत्तेची खरी लक्षणे होत. आणि प्राचीन स्त्रियांच्या सत्तेचा विचार करावयाचा तर तो ह्याच लक्षणांवरून केला पाहिजे.

ही कसोटी लावू गेल्यास दक्षिणापथाचा, आणि त्यातही सह्याद्रीच्या पश्चिमेकडील अपरांताचा म्हणजे आपल्या कोकणाचा, पुरावा विलक्षण समृद्ध ठरतो. आणि रत्नागिरीच्या रहिवाशाला विशेष अभिमान वाटावा असा योग असा की हा पुरावा वाचून दाखविण्याच्या कामी ज्या विद्वानांनी आपले आयुष्य वेचले त्यांतील तीन अग्रणी जुन्या रत्नागिरी जिल्ह्याच्या मातीतून उदयास आले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १८३७ साली मालवणात जन्मले, रत्नागिरीच्या शाळेत शिकले, आणि १८८४ साली दक्षिणेच्या प्राचीन इतिहासाचा पहिला सुसंगत ग्रंथ त्यांनी सिद्ध केला. पांडुरंग वामन काणे ह्यांचा जन्म १८८० साली चिपळूण परिसरातला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड रचून स्त्रीधन, दाय व राजधर्म ह्यांविषयीची वचने कालानुक्रमाने तपासण्याची सोय त्यांनी करून दिली. वासुदेव विष्णु मिराशी देवगड तालुक्यातील कुवळे गावचे, जन्म १८९३. सातवाहन, वाकाटक व शिलाहार ह्या तिन्ही राजकुलांचे कोरीव लेख त्यांनी संपादिले. ह्या तिघांच्या परिश्रमांवाचून पुढील विवेचनातील बहुतेक स्त्रिया केवळ अक्षरांचे ओरखडे म्हणून दगडावर व तांब्यावर राहिल्या असत्या.

सातवाहनांच्या राण्या

कालक्रमाने पहिला मान नागनिकेचा. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर जे लेणे आहे त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत एक विस्तीर्ण लेख कोरलेला असून, तो सामान्यतः इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. नागनिका ही महारठी त्रणकयिर ह्याची कन्या आणि पहिल्या सातकर्णीची पत्नी. पतीच्या निधनानंतर वेदिसिरि व सतिसिरिमत ह्या पुत्रांची माता म्हणून ती लेखात आपल्यासमोर येते. दोन अश्वमेध, राजसूय आणि इतर अनेक श्रौत यज्ञ, त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण ह्यांची मोजदाद एखाद्या खतावणीच्या काटेकोरपणाने त्या लेखात नोंदलेली आहे. पतीच्या सहवासात केलेल्या ह्या यज्ञांचे पुण्य तर तिने नोंदविलेच, परंतु स्वतःच्या व्रतस्थ वैधव्याचाही उल्लेख तिने केला: घरी राहून तापसीचे आचरण, ब्रह्मचर्य, मासाचे उपवास.

येथे वाचकाने लेखाच्या स्थानाचा विचार करावा. नाणेघाट हे एकांतातले तपोवन नव्हते. कल्याण व सोपारा ह्या बंदरांत उतरलेला माल घाटावर चढत असे तो ह्याच वाटेने, आणि घाटमाथ्यावर आजही दिसणारा दगडी रांजण जकातीच्या वसुलीचा म्हणून परंपरेने ओळखला जातो. त्याच लेण्याच्या मागील भिंतीवर सातवाहन कुलाच्या व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. त्यांचे आज केवळ पायांचे अवशेष उरले असले तरी वरची नावे वाचता येतात आणि त्यांत सिमुकाच्या पाठोपाठ नागनिका व सातकर्णी ह्या उभयतांचे नाव एकत्र येते, शिवाय राणीच्या पित्याचीही प्रतिमा त्या रांगेत आहे. व्यापाराच्या राजमार्गावर, जेथून प्रत्येक तांडा जाणार, तेथे राजकुलाची प्रतिष्ठा जाहीर करण्याचे हे कृत्य निखळ राजकीय होते. पुत्र लहान असता गादी स्थिर राखण्यासाठी पित्याच्या महारठी कुळाचे बळ आणि पतीच्या यज्ञांचे पुण्य ही दोन्ही एकाच भिंतीवर मांडणारी ही स्त्री कारभाराचे मर्म जाणून होती, ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. सातकर्णी व नागनिका ह्या दोघांची नावे धारण करणारे चांदीचे नाणेही उपलब्ध झालेले आहे.

ह्यानंतरचे नाव गौतमी बलश्रीचे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी ह्याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, म्हणजे सर्वसाधारणपणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, तिने कोरविलेला लेख गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाचे सर्वांत विस्तृत वर्णन होय. क्षहरातांचा उच्छेद, शक-यवन-पल्हवांचे दमन, तीन समुद्रांचे पाणी प्यालेली वाहने, ही सारी कीर्ती आपण जाणतो ती एका मातेने कोरविलेल्या मजकुरामुळे. महाराजमाता आणि महाराजपितामही अशी स्वतःची ओळख देऊन तिने ते लेणे भदायनीय भिक्षूंना अर्पण केले. आपल्या कुळाची अधिकृत बखर कोणत्या शब्दांत लिहिली जावी हे ठरविण्याचा अधिकार तिच्याकडे होता, आणि राजसत्तेच्या दृष्टीने हा अधिकार लहान नव्हे.

परंतु माझ्या मते ह्याहून मौल्यवान पुरावा त्याच लेण्यातील एका लहानशा लेखात आहे. गौतमीपुत्राच्या चोविसाव्या राज्यवर्षीची ही आज्ञा गोवर्धनचा अमात्य सामक ह्यास उद्देशून असून ती राजा आणि राजमाता ह्या दोघांच्या नावाने निघालेली आहे. विषय अगदी रोजच्या दफ्तरातला: भिक्षूंना पूर्वी ककडी गावी जे शेत दिले ते पडीक राहिले आणि तो गावही वसेनासा झाला, सबब नगराच्या सीमेवरील सरकारी शेतातून शंभर निवर्तने जमीन त्यांना द्यावी आणि तिला नेहमीच्या सर्व सवलती लागू कराव्यात. ह्या आज्ञेचा लेख प्रतिहाररक्षी लोटा हिने लिहून घेतला, आणि हे नाव स्त्रीचे आहे. एका निरुपयोगी ठरलेल्या इनामाची दुरुस्ती करावयाची असता राजमातेचे नाव हुकमावर यावे, तो हुकूम लिहून घेणारी अधिकारी स्त्री असावी आणि प्रांताच्या अमात्याने तो अमलात आणावा, ह्यात कोठेही आश्चर्याचा सूर नाही. कोरक्याने हे असाधारण मानले नाही, म्हणूनच ते आपण महत्त्वाचे मानले पाहिजे.

गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र, माढरीपुत्र अशा मातृनामांवरून सातवाहनांत मातृसत्ता होती असा तर्क पूर्वी कित्येकांनी केला. तो टिकत नाही, कारण गादी पित्याकडून पुत्राकडेच जात असे. तथापि एवढे खरे की राजाच्या मातेचे कुळ कोणते हे त्याच्या प्रजेला माहीत असणे त्या काळी आवश्यक समजले जाई, आणि त्या आवश्यकतेतूनच राजमातेला दरबारात पाय रोवण्यास जागा मिळत असे.

अपरांतातील महाभोजी व महारठिनी

सम्राटांच्या खालच्या पायरीवर, म्हणजे प्रांतोप्रांतींच्या वतनदार सरदार घराण्यांत, स्त्रियांचे स्थान काय होते, हेही लेण्यांतील लेख सांगतात, आणि येथे आपण खास कोकणात येतो. राजपुरीच्या खाडीजवळच्या कुडे येथील लेण्यांत मांदव कुळातील महाभोज खंडपालित ह्याचा निर्देश त्याच्या मातेच्या, सादगेरी विजया ह्या महाभोजीच्या, नावाने केलेला आहे. मावळातील बेडसे येथे महाभोजाची कन्या सामडिनिका ही महारठिनी म्हणून पाण्याच्या टाक्याची दात्री आहे. कान्हेरीस नागमूलनिका नावाची महारठिनी आपण महाराजाची व महाभोजीची कन्या, महाभोजाची भगिनी आणि खंदनागसातकाची माता असल्याचे नोंदवून लेण्याचे दान करते. आणि त्याच डोंगरात अपरांतातील दामिला नावाच्या भोजिकीचेही दान आहे.

ह्या पदव्या पतीच्या हुद्द्यावरून आल्या असतील असे म्हणून हा पुरावा बाजूला सारणे सोपे आहे. परंतु दान करावयास स्वतःची मालमत्ता लागते, आणि दानाचा लेख कोरवावयास ती मालमत्ता आपली आहे हे जाहीरपणे म्हणण्याची मुभा लागते. काण्यांनी स्त्रीधनाच्या विचाराचा जो दीर्घ मागोवा घेतला त्यावरून शास्त्रकारांत ह्या बाबतीत किती मतभेद होते हे दिसते. लेण्यांतील लेख असे दाखवितात की शास्त्रातील वाद चालू असता व्यवहारात पश्चिम किनाऱ्यावरील सरदार घराण्यांतील, व्यापारी कुटुंबांतील आणि भिक्षुणीसंघातील स्त्रिया स्वतःच्या नावाने द्रव्याचा विनियोग करीत होत्या. राजकीय सत्तेची मुळे अशा आर्थिक स्वामित्वात असतात. ज्या समाजात स्त्रीच्या नावाने एक टाके खोदता येत नाही त्या समाजात तिच्या नावाने राज्य चालणे संभवत नाही.

वाकाटकांची प्रभावतीगुप्ता

ह्या विषयातील सर्वांत निःसंदिग्ध उदाहरण विदर्भाचे. दुसऱ्या चंद्रगुप्ताची व कुबेरनागेची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटक नृपती दुसरा रुद्रसेन ह्यास दिली होती. रुद्रसेन अकाली मृत्यू पावला, आणि चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाली नागपूरजवळच्या नंदिवर्धन राजधानीतून तिने अल्पवयस्क युवराज दिवाकरसेनाच्या वतीने राज्य चालविले. तिचा एक ताम्रपट पुण्यात एका तांबटाच्या घराण्याकडे उपलब्ध झाला. तो तेराव्या वर्षाचा आहे. अर्थात पालकत्वाचा हा काळ काही महिन्यांची तात्पुरती व्यवस्था नसून तपाहून अधिक काळ चाललेली राजवट होती. दंगुण नावाचे गाव तिने चनालस्वामी ह्या भगवद्भक्त आचार्यास दिले, गावच्या कुटुंबिकांना तसे कळविले, आणि राजपुरुषांनी त्या गावास उपसर्ग देऊ नये असे बजाविले. मुद्रेवरील मजकूर तर असा की युवराजाच्या जननीचे हे शासन शत्रूंवर शासन चालविणारे आहे.

ह्या ताम्रपटातील एक गोष्ट अभ्यासकांच्या नजरेस प्रथम येते ती ही की वंशावळ वाकाटकांची नसून गुप्तांची दिलेली आहे, आणि राणीने आपले गोत्र म्हणून पित्याचे धारण गोत्र सांगितले आहे. ह्यावरून पाटलीपुत्राचा दाब वाकाटक दरबारावर किती होता ह्याचे अनुमान इतिहासकारांनी केले आहे. अनुमान रास्त आहे. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच रास्त आहे. सासरच्या गादीवर बालक असता आणि आप्तांपैकी कोणीही त्या गादीवर हक्क सांगू शकत असता, ज्या स्त्रीला स्वतःच्या अधिकाराने बोलावयाचे होते तिने आपल्या जन्माचे सामर्थ्य पुढे केले. नागनिकेने नाणेघाटात पित्याची प्रतिमा कोरविली, प्रभावतीने ताम्रपटात पित्याचे कुळ नोंदविले. चार शतकांहून अधिक अंतर असलेल्या ह्या दोन कृतींत एकच राजनीती आहे.

पुढे पुत्र प्रवरसेन सिंहासनावर बसल्यानंतरही ती मागे सरली नाही. त्याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडलेला ताम्रपट तिने रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून, म्हणजे आजच्या रामटेकाहून, स्वतःच्या नावाने दिला. पुत्र वयात आला की पालकत्व संपते. पण जिची सल्लामसलत व जिचे दानाधिकार राज्यात रूढ झाले होते तिचा शब्द पालकत्वाबरोबर संपला नाही.

कोकणची विजयभट्टारिका

आता आपण अशा नावाकडे येतो जे रत्नागिरी व सिंधुदुर्ग ह्या दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक शाळेत माहीत असावयास हवे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास सावंतवाडी संस्थानातील नेरूर गावी जमिनीतून चालुक्यांचे ताम्रपट निघाले, संस्थानावरील इंग्रज अधिकारी ले ग्रँड जेकब ह्यांनी ते विद्वानांपुढे आणले, आणि पुढे फ्लीट ह्यांनी त्यांचे रीतसर वाचन प्रसिद्ध केले. ह्यांतील एक, आणि वेंगुर्ले तालुक्यातील कोचरे येथे मिळालेला दुसरा, असे दोन ताम्रपट विजयभट्टारिका किंवा विजयमहादेवी ह्या राणीचे आहेत.

तिचा काळ समजून घ्यावयाचा तर बदामीवर कोसळलेल्या अनर्थाचे स्मरण करावे लागते. हर्षवर्धनाला नर्मदेवर रोखणाऱ्या दुसऱ्या पुलकेशीच्या राजधानीवर ६४२ च्या सुमारास पल्लव नरसिंहवर्म्याने चाल केली, पुलकेशी पडला, बदामी शत्रूच्या हाती गेली आणि पुढील सुमारे तेरा वर्षे चालुक्यांचे साम्राज्य छिन्नविच्छिन्न स्थितीत होते. पुत्रांपैकी विक्रमादित्याने ६५५ मध्ये सत्ता पुनः स्थापिली. त्याचा ज्येष्ठ बंधू चंद्रादित्य. त्याच्याकडे कोकणचा भाग होता असे मानले जाते, आणि विजयभट्टारिका ही त्याची पट्टराणी. नेरूरचा ताम्रपट स्वराज्याच्या पाचव्या वर्षी आश्विन महिन्यात विषुवदिनी दिलेला असून तो ६५९ सालचा ठरविण्यात आला आहे.

हे पाचवे वर्ष कोणाच्या राज्याचे? ह्यावर दोन मते आहेत. एका मताप्रमाणे ही गणना विक्रमादित्याच्या राज्यारोहणापासून आहे आणि राणी त्याच्या सार्वभौमत्वाखाली कोकणचा कारभार पाहत होती. दुसऱ्या मताप्रमाणे ती राणीच्या स्वतःच्या राजवटीची वर्षे होत, आणि पतीच्या निधनानंतर तिने, कदाचित अज्ञान पुत्राच्या वतीने, स्वतंत्रपणे राज्य केले. कोणतेही मत घेतले तरी प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने निष्कर्ष बदलत नाही. वंशावळ पुलकेशीपासून सांगत सांगत दिराचा व पतीचा निर्देश करून लेख दात्री म्हणून राणीशी येऊन थांबतो; आज्ञा तिची आहे. साम्राज्य मोडकळीस आले असता किनाऱ्यावरील मुलूख ज्यांनी चालुक्य कुळाच्या नावाने राखला, त्यांत ही स्त्री होती.

कोकण हा त्या साम्राज्याचा दुर्लक्षित कोपरा नव्हता. पुलकेशीचा चुलता मंगलेश ह्याने रेवतीद्वीप, म्हणजे आजचे वेंगुर्ल्याजवळचे रेडी, जिंकून घेतले होते. गोव्यात सापडलेल्या ताम्रपटावरून ६१० च्या सुमारास तेथे ध्रुवराज इंद्रवर्मा हा चालुक्यांचा अधिकारी चार विषयांचा, म्हणजे प्रांतविभागांचा, कारभार पाहत होता असे कळते. चिपळूणच्या ताम्रपटात पुलकेशीचा मामा, सेंद्रक कुळातील श्रीवल्लभ सेनानंदराज, अवरेतिका विषयातील गाव दान देतो. म्हणजे कोकणच्या कारभारात राजमातेच्या माहेरची माणसे विश्वासाने नेमली जात होती. बंदरांचा महसूल, आप्तांची नेमणूक आणि शत्रूपासून सह्याद्रीचे संरक्षण, ह्या तीन कारणांनी हा प्रदेश संकटकाळी राजकुलाचा आधार ठरावा, आणि तेथील अधिकारसूत्रे घरच्या ज्येष्ठ सुनेकडे यावीत, हे स्वाभाविक होते.

विजयभट्टारिका हीच संस्कृत सुभाषितसंग्रहांत विज्जका नावाने आढळणारी कवयित्री होय असे काही विद्वानांनी म्हटले आहे, आणि राजशेखराने गौरविलेली कर्नाटकी विजयांका ह्याच ओळीत बसविली जाते. हे ऐक्य सिद्ध झालेले नाही. ते सिद्ध झाले तर आनंद आहे. परंतु तिच्या थोरवीला त्याची गरज नाही, कारण नेरूर व कोचरे येथील तांब्याचे पत्रे स्वतःच बोलके आहेत.

चालुक्यांच्या घरात ही परंपरा खंडित झाली नाही. विजयादित्याची माता विनयवती हिने ६९९ मध्ये बदामीत त्रिमूर्तींची स्थापना केली. दुसऱ्या विक्रमादित्याच्या लोकमहादेवी व त्रैलोक्यमहादेवी ह्या राण्यांनी पट्टदकलची भव्य देवळे उभारली. राष्ट्रकूटांकडे सत्ता गेल्यानंतर ध्रुव राजाची राणी शीलमहादेवी हिने ७८६ मध्ये जे दानपत्र दिले त्यात तिने सम्राटाला शोभणाऱ्या परमेश्वरी, परमभट्टारिका अशा पदव्या धारण केलेल्या आहेत, आणि तिचा पती त्या वेळी हयात होता.

सातव्या शतकाचा जागतिक योग

आपल्या किनाऱ्यापलीकडे दृष्टी टाकली असता एक विस्मयकारक योग प्रत्ययास येतो. ज्या सातव्या शतकात विजयभट्टारिका कोकणात दानपत्र देत होती त्याच शतकात जपानात सुइको ही सम्राज्ञी ६२८ पर्यंत सिंहासनावर होती, आणि ६५९ साली, म्हणजे नेरूरच्या ताम्रपटाच्याच वर्षी, तेथे साइमेई सम्राज्ञी राज्य करीत होती. कोरियातील सिल्ला राज्यात सोनदोक राणीने ६३२ ते ६४७ राज्य केले व तिच्यानंतर दुसरी राणीच गादीवर आली. इराणात ६३० च्या सुमारास बोरान हिला शहनशाहीचा मुकुट मिळाला. चीनमध्ये वू ही ६५५ मध्ये पट्टराणी झाली, आणि ६९० ते ७०५ ह्या काळात तिने सम्राट हे पद स्वतःच धारण केले.

ह्या स्त्रियांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण त्यांच्या उदयाची कारणे पुष्कळ अंशी एकाच जातीची आहेत. इराणात खुस्रू परवेझ मारला गेला आणि त्याच्या पुत्राने आपल्या भावांची कत्तल केल्यामुळे राजवंशात पुरुष वारसच दुर्मिळ झाले. सिल्लात राज्यास अधिकारी अशा उच्चतम कुळश्रेणीत पुरुष उरला नव्हता. कोकणात बदामीच्या पाडावाने घरचे कर्ते पुरुष युद्धात गुंतले वा पडले. अन्यत्र व अन्य काळीही हेच दिसते. मिसर देशात इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात हात्शेप्सुत हिने सावत्र पुत्राची पालक म्हणून आरंभ करून सुमारे वीस वर्षे फेरोपद भोगले; पाल्मिराची झेनोबिया पुत्राच्या नावाने उठली आणि २७२ मध्ये ऑरेलियनपुढे पराभूत झाली. गादी रिकामी पडते किंवा तिच्यावर बालक असते, त्या पोकळीत राजमाता उभी राहते, आणि तिच्या अंगी कर्तृत्व असेल तर पोकळी भरून निघाल्यावरही ती मागे हटत नाही.

रोममध्ये मात्र सत्तेचा एक निराळा प्रकार दिसतो. राणीपद नसलेल्या त्या गणराज्यात इसवी सनापूर्वी १९५ मध्ये स्त्रियांच्या अलंकार-वस्त्रांवर निर्बंध घालणारा कायदा रद्द व्हावा म्हणून कुलस्त्रिया रस्त्यावर आल्या आणि केटोच्या विरोधास न जुमानता तो कायदा रद्द झाला. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये १,४०० श्रीमंत स्त्रियांवर कर बसविण्यात आला तेव्हा हॉर्टेन्सिया हिने भर चौकात उभे राहून विचारले की ज्यांना राज्यकारभारात वाटा नाही त्यांनी युद्धाचा खर्च का द्यावा. आणि कर भरावयाच्या स्त्रियांची संख्या ४०० वर आणावी लागली. एका राणीच्या कर्तृत्वाहून हा प्रकार भिन्न आहे, कारण ह्यात हक्काचा प्रश्न विचारला गेला. आपल्या प्राचीन लेखांत असा प्रश्न विचारलेला मला आढळत नाही, आणि ही उणीव प्रांजळपणे मान्य केली पाहिजे.

शास्त्र, अपकीर्ती आणि मर्यादा

शास्त्रकारांनी ह्या सत्तेला मान्यता दिली होती काय? शांतिपर्वात, युद्धाने उजाड झालेल्या राज्यांची व्यवस्था लावताना, जेथे राजपुत्र उरले नाहीत तेथे राजकन्यांना अभिषेक करावा असा उपदेश व्यासांनी युधिष्ठिरास केला आहे. कौटिल्यानेही राजाच्या मृत्यूनंतरच्या आपत्तीचा विचार करताना, योग्य कुमार नसल्यास राजकन्येला किंवा गर्भवती राणीला पुढे करून अमात्याने राज्य सांभाळावे असे सुचविले. दोन्ही ठिकाणी आपद्धर्म आहे, नित्यधर्म नाही. आणि कौटिल्याच्या योजनेत तर कारभाराची मुखत्यारी अमात्याच्या हाती राहून स्त्री ही गादीचे केवळ नाव टिकविणारी ठरते. प्रभावतीगुप्ता व विजयभट्टारिका ह्यांचे मोठेपण असे की शास्त्राने त्यांना जी नाममात्र जागा देऊ केली होती ती त्यांनी प्रत्यक्ष अधिकाराने भरून काढली.

दुसरी गोष्ट अपकीर्तीची. जेथे सत्ताधारी स्त्रीची कथा तिच्या शत्रूंनी किंवा उत्तरकालीन पुरुष इतिहासकारांनी लिहिली तेथे ती बहुधा मोहिनी, क्रूर वा कपटी म्हणून रंगविली गेली. क्लिओपात्राचे चित्र विजयी ऑगस्टसच्या पक्षाने काढले. वू सम्राज्ञीचे चित्र तिला अधर्मी मानणाऱ्या दरबारी पंडितांनी. काश्मीरच्या दिद्दा राणीचे, तिच्यानंतर दीड शतकाने, कल्हणाने. हात्शेप्सुतची तर नावे व प्रतिमाच पुढे छिन्नीने काढून टाकण्यात आल्या. अर्वाचीन काळीही हा दोष सुटला नाही: १८८६ पासून रत्नागिरीत बंदिवासात राहिलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाची राणी सुपयालत हिच्यावर मंडालेच्या साऱ्या दुर्दैवाचा ठपका इंग्रज लेखकांनी ठेवला, आणि इंग्रजांच्या साम्राज्यलोभाचा हिशेब त्यात झाकून गेला. दक्षिणापथाचे भाग्य असे की आपल्या राण्यांचा पुरावा कथेच्या रूपाने नसून सनदेच्या रूपाने उरला. सनदेत अतिशयोक्ती असेल, पण तिच्यातील दान खरे, सीमा खऱ्या, आणि आज्ञा देणारी व्यक्ती खरी असते.

मात्र ह्या गौरवाबरोबर मर्यादेचेही भान ठेवावयास हवे. वर वर्णिलेली प्रत्येक सत्ताधारी स्त्री कोणा राजाची कन्या, पत्नी वा माता होती. तिच्या राजवटीत कुणब्याच्या किंवा कोळ्याच्या बायकोला गावसभेत बोलण्याचा अधिकार प्राप्त झाला असे दाखविणारा एकही लेख नाही. सत्ता त्या स्त्रियांना मिळाली, स्त्रीजातीला नव्हे. आणि जी सत्ता पुरुषाच्या अभावामुळे मिळते ती पुरुष उपलब्ध होताच परत मागितली जाते. राजारामाच्या मृत्यूनंतर १७०० पासून सात वर्षे औरंगजेबाच्या फौजेशी मराठ्यांचे राज्य लढविणाऱ्या महाराणी ताराबाईंचा अनुभव ह्याहून वेगळा नव्हता: १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि राज्याच्या वारशाचा प्रश्न पुनः उभा राहिला.

आजचा अधिकार आणि जुनी कसोटी

ह्या पार्श्वभूमीवर आपल्या काळात घडलेला पालट किती मूलगामी आहे हे ध्यानात येते. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. आज रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही गावची, कोणत्याही कुळातील स्त्री सरपंच होऊ शकते, आणि त्यासाठी कोणाच्या गादीवर पोकळी निर्माण होण्याची गरज उरलेली नाही. नागनिकेपासून विजयभट्टारिकेपर्यंत एकीलाही जे लाभले नव्हते ते हे: संकटामुळे मिळालेला अधिकार नव्हे, तर कायद्याने दिलेला हक्क.

तथापि कसोटी मात्र जुनीच लावावी लागते. पद पत्नीच्या नावाने आणि कारभार पतीच्या हाताने, हा प्रकार आपल्या ग्रामपंचायतींत अपरिचित नाही; आणि तो पाहिला म्हणजे कौटिल्याच्या अमात्याने केवळ रूप बदलले आहे असे म्हणावे लागते. गोवर्धनच्या सामकाला राजमातेची आज्ञा पोचली तेव्हा त्याने शेताची अदलाबदल केली; आज ग्रामसभेत स्त्री सरपंचाने दिलेला निर्णय तसाच अमलात येतो काय, तिच्या सहीआधी तो मजकूर तिने स्वतः वाचलेला असतो काय, गावच्या निधीचा विनियोग तिच्या विचाराने होतो काय, हे प्रश्न आपण प्रत्येक गावी विचारले पाहिजेत. होकारार्थी उत्तर देणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढत आहे, आणि त्यांना बळ मिळावे म्हणून त्यांच्या पाठीशी असलेला इतिहास त्यांना सांगणे हे शिक्षकांचे, ग्रंथालयांचे आणि लेखकांचे कर्तव्य आहे. कोकणातील मुलींना झाशीची राणी व जिजामाता जशा माहीत असतात तशी नेरूर-कोचऱ्याची विजयभट्टारिकाही माहीत असली पाहिजे. तिचे चरित्र अद्भुत आहे म्हणून नव्हे, तर राज्य मोडकळीस आले असता आपल्याच किनाऱ्यावर तिने एक साधे सरकारी काम, जमिनीच्या दानाचा हुकूम, स्वतःच्या नावाने व स्वतःच्या जबाबदारीवर केले म्हणून.